जनान्यातला फ्लॅश

मागच्या हिवाळ्यात वसमतच्या एका शादीखान्यात लग्न होते. बायकांच्या बाजूचे फोटो काढायला माझी भाची गेली होती. रुखसतीची वेळ झाली. नवरीच्या नानींचे वय ऐंशीच्या पुढचे. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खुर्चीवरून उठवले आणि त्यांनी नातीला मिठी मारली. भाचीने बटण दाबले. कॅमेरा वाजला, पण स्टँडवरचा फ्लॅश पेटला नाही. पुन्हा दाबले, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा पेटला तेव्हा नानी परत खुर्चीत बसल्या होत्या.

दोन महिन्यांनी नानी वारल्या. अल्लाह त्यांची मगफिरत करो. नवरीची आई आमच्या स्टुडिओत आली आणि म्हणाली, "बेटी, ती मिठी मारलेली फोटो द्या." भाचीने कॉम्प्युटरवर उजळायचा प्रयत्न केला. दोन ओढण्या दिसल्या, नानींचा हात दिसला, चेहऱ्यांवर नुसती वाळू पसरल्यासारखे दाणे. भाची त्या रात्री जेवली नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. फोटोग्राफीशी माझा संबंध एवढाच, की भाईजानच्या स्टुडिओचा हिशेब महिन्याच्या शेवटी मी लिहिते. त्यामुळे भाचीने "फुप्पी, बिनतारी ट्रिगर घ्यावा लागेल" म्हटले तेव्हा माझा पहिला प्रश्न पैशाचा होता. दुसरा प्रश्न हा, की फ्लॅश आहे, कॅमेरा आहे, मग हे तिसरे काय? हे समजून घ्यायला मला महिना लागला. आपल्या समाजातल्या बऱ्याच मुली आता हे काम शिकत आहेत आणि त्यांचा खर्च घरातली माझ्यासारखी माणसे करणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाईजानचा स्टुडिओ जुना. तेव्हा हिंगोली जिल्हाही झालेला नव्हता, आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. दोन मोठे स्टुडिओ लाइट, त्यांच्यावर छत्र्या, आणि कॅमेऱ्यापासून लाइटपर्यंत जाणारी काळी सिंक वायर. बटण दाबले की वायरीतून इशारा जायचा आणि दोन्ही लाइट एकदम चमकायचे. त्या वायरीत पाय अडकून किती मुले पडली असतील त्याची गणती नाही. ईदच्या दिवशी स्टुडिओत रांग लागायची आणि भाईजानचे अर्धे लक्ष वायरीकडे असायचे. पण वायरीवर त्यांचा जीव. "तार धोका देत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

धोका मात्र झाला. डिजिटल कॅमेरा घेतल्यावर त्यांनी तीच वायर त्याला जोडली. काही महिने चालले आणि एक दिवस कॅमेऱ्याने फ्लॅशला इशारा देणेच बंद केले. दुरुस्तीवाल्याने विचारले, "लाइट किती जुने आहेत?" आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मल्टिमीटर आणून लाइटच्या सिंक सॉकेटवर लावला, तर दीडशे व्होल्टच्या वर आकडा. जुन्या फ्लॅशमध्ये असे असते. काहींत तर दोनशेच्याही पुढे. फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यात दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकत, त्यांना याचे काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. सगळे कॅमेरे जळतातच असे नाही, पण जुना लाइट आणि नवा कॅमेरा वायरीने जोडण्याआधी मीटर लावून बघावा, ही गोष्ट आम्ही एक कॅमेरा घालवून शिकलो.

त्यानंतर कॅनन १५००डी आला. त्याला भाईजानने अडॅप्टर लावून वायर जोडून पाहिली, मल्टिमीटरचा धडा ताजा असूनही. लाइट पेटलाच नाही. का, ते कुणालाच कळेना. नाद सोडून त्यांनी एलईडी पॅनल आणले. पासपोर्ट फोटो त्यावर निभावले, पण नीट नाही. हजच्या अर्जाला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो. पांढऱ्या पडद्यासमोर माणूस बसवला आणि उजेड कमी पडला, की पडदा करडा होतो आणि डोक्यामागे सावली उमटते. मग फोटो पुन्हा काढा. गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांना तीन-तीनदा स्टुलावर बसवताना मी पाहिले आहे.

इकडे भाची मोठी झाली, बी.ए. झाली आणि तिने जनान्याचे काम सुरू केले. आपल्याकडे फोटोबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत आणि त्यात पडण्याची माझी योग्यता नाही. पण लग्नात फोटो निघतातच, हेही खरे आहे. प्रश्न उरतो की बायकांच्या बाजूला कॅमेरा घेऊन कोण शिरणार? पूर्वी एखादा पोरगा "खालाजान, जरा तोंड इकडे" म्हणत आत यायचा आणि अर्ध्या बायका पदर ओढून बसायच्या. भाची जाऊ लागल्यावर लोक समाधानाने बोलावू लागले. ती कार्ड कुणाला देत नाही, फोटो स्वतः निवडते आणि पेनड्राइव्ह थेट नवरीच्या आईच्या हातात ठेवते. ही अमानत आहे, असे ती म्हणते आणि तसे वागतेही.

ही कल्पना नवी नाही. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ उघडला होता. सहाव्या निजामांनी, मीर महबूब अली खान यांनी, त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला होता. पडद्यातल्या स्त्रियांसाठीचा तो स्टुडिओ केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई चालवत. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही लोकांना कळले होते, की पडदा राखून फोटो काढायचा तर कॅमेऱ्यामागे बाईच पाहिजे. मी हे भाईजानला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्याकडे निजामाचा खजिना होता."

तर प्रश्न असा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावलेला फ्लॅश सरळ तोंडावर मारला, की चेहरा पिठासारखा पांढरा होतो, जरी चमकून डोळ्यावर येते आणि मागे भिंतीवर काळी सावली. फ्लॅश बाजूला, थोडा उंच, छत्रीतून टाकला की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. पुरुषांच्या बाजूला फोटोग्राफरबरोबर एक पोरगा असतो, तो लाइट हातात धरून मागे-मागे फिरतो. जनान्यात पोरगा नेता येत नाही. दुसऱ्या मुलीला रोज द्यायला पैसे नाहीत. राहिला स्टँड. स्टँडवर फ्लॅश ठेवायचा आणि त्याला दुरून पेटवायचे. वायर टाकली तर इकडून तिकडे धावणारी चाळीस पोरे आहेत.

भाची हे काम उसन्या फ्लॅशवर करत होती. त्याला एक डोळा असतो, फोटोग्राफर त्याला स्लेव्ह म्हणतात. कॅमेऱ्यावर एक छोटा फ्लॅश बारीक चमकवायचा, ती चमक दिसली की स्टँडवरचा फ्लॅश आपोआप पेटतो. स्वस्त आणि साधी युक्ती. पण डोळ्याला आपली चमक आणि परक्याची चमक यातला फरक कळत नाही. शादीखान्यात मधे कनात असते. कनातीने माणसे अडतात, उजेड अडत नाही. तो पलीकडून छताला आपटून इकडे येतो. पलीकडे दोन फोटोग्राफर नवरदेवाचे फोटो काढत होते आणि त्यांच्या प्रत्येक चमकेला आमचा फ्लॅश इकडे पेटत होता. (मोबाइलच्या लाइटने असे होत नाही, तो एलईडी असतो. खऱ्या फ्लॅशने होते.) पेटला की पुन्हा भरायला त्याला काही सेकंद लागतात. नानी उठल्या तेव्हा फ्लॅश नुकताच दुसऱ्याच्या फोटोसाठी रिकामा झालेला होता.

बिनतारी ट्रिगर रेडिओवर चालतो. कॅमेऱ्यावर एक डबी, ती लहरी सोडते. फ्लॅशच्या खाली किंवा त्याच्या पोटात दुसरी डबी, ती ऐकते. चॅनल जुळले तरच ऐकते. परक्याची चमक कितीही पडो.

आमची भिशी माझ्या नावाने निघाली होती. बारा हजार. व्याजाने काढायचे नाही आणि हप्त्यावरही घ्यायचे नाही, हे घरात आधीच ठरलेले. मी म्हटले, या रकमेत जे बसेल ते घ्या, पण एकदाच घ्या.

एकदाच घेतले गेले नाही. आम्ही दोघी एसटीने नांदेडला गेलो. दुकानदाराने दोन हजारांच्या आतला एक जोड दाखवला. खोक्यावर लांबवर पोचण्याचा मोठा आकडा, सोळा चॅनल. मी हिशेबनीस, मला आवडला. स्टँडवरच्या फ्लॅशसकट सगळे दहा हजारांत बसत होते. दुकानात त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून दाखवले, चट्कन पेटले. घरी येऊन आमच्या कॅमेऱ्यावर लावले तर काही नाही. सेल बदलले, चॅनल बदलले, भाईजानने फुंकरही मारून पाहिली. काही नाही.

मग भाचीने दोन कॅमेरे शेजारी ठेवले. भाईजानचा जळालेला जुना आणि हा १५००डी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. जुन्याच्या खाचेत मधोमध एक मोठा गोल ठिपका होता आणि मागे चार बारीक ठिपके. नव्याच्या खाचेत मधला ठिपकाच नव्हता! कोणत्याही कंपनीचा साधा ट्रिगर त्या मधल्या ठिपक्यावरच चालतो. कॅननने १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू अशा स्वस्त कॅमेऱ्यांतून तो काढून टाकला आहे. हे आपल्याकडच्या नवशिक्यांचे नेहमीचे कॅमेरे. त्यांच्यावर फक्त असाच ट्रिगर चालतो, ज्याला बारीक ठिपक्यांमधून कॅननची भाषा कळते. भाईजानची वायर या कॅमेऱ्यावर का चालली नव्हती, त्याचा उलगडाही त्या दिवशी झाला. ते बराच वेळ कॅमेरा हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "मग तारेचा दोष नव्हता."

त्यामुळे कुणी विचारले तर मी आता पहिली गोष्ट हीच सांगते. ट्रिगर घ्यायला जाताना आपला कॅमेरा बरोबर न्या आणि त्याच कॅमेऱ्यावर लावून पाहा. दुकानदाराच्या कॅमेऱ्यावर पेटणे याला अर्थ नाही.

दुकानदार भला निघाला. त्याने जोड परत घेतला आणि गोडॉक्सचा एक्स टू टी दाखवला. हा प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी वेगळा येतो, कॅननचा वेगळा, निकॉनचा वेगळा, सोनीचा वेगळा. खोक्यावरचे शेवटचे अक्षर पाहून घ्यावे लागते. त्याच्याबरोबर त्याच कंपनीचा टीटी ६०० फ्लॅश, ज्याच्या पोटातच रिसीव्हर आहे, वेगळी डबी लागत नाही. ट्रिगर कॉम्प्युटरला जोडून त्याने आतले सॉफ्टवेअर नवे केले, कारण मधला ठिपका नसलेल्या कॅमेऱ्यांना जुने सॉफ्टवेअर अडखळते. मग आमच्या कॅमेऱ्यावर लावले. पेटला. भाचीने वीस वेळा दाबून पाहिले, वीसही वेळा पेटला. दुकानदार हसायला लागला, पण मी तिला थांबवले नाही. बारा हजारांतून थोडे उरले, त्यात चार्ज होणारे सेल घेतले.

आता खरा पेच जुन्या स्टुडिओ लाइटचा होता. त्यांनाही रिसीव्हर घ्यायचे तर पैसे नव्हते. दुकानदाराने मान डोलावून सांगितले, नवे लाइट घ्या, यांच्यात रिसीव्हर आतच येतो. उत्तर भाचीने घरी शोधले आणि मला तिचे कौतुक वाटते ते यासाठी. जुन्या लाइटनाही तो स्लेव्ह डोळा आहेच. शादीखान्यात तो डोळा दगा देतो, कारण तिथे परके फ्लॅश आहेत. आमच्या स्टुडिओत परका फ्लॅश कुठून येणार? मग तिने एकच नवा फ्लॅश रेडिओवर ठेवला, समोर छत्रीत. तो चमकला की त्याची चमक पाहून दोन्ही जुने लाइट मागच्या पांढऱ्या पडद्यावर पेटतात. कॅमेऱ्याला वायर नाही, त्यामुळे जुन्या लाइटच्या व्होल्टची भीती नाही. जास्तीचा एक रुपया नाही. सावली गेली, पडदा पांढरा झाला.

यात एक खाच आहे. आजचे कॅमेरे आपोआप मोडवर असले, की खऱ्या फोटोच्या आधी अंदाज घेण्यासाठी एक चाचणीची चमक मारतात. ती इतकी झटपट असते की आपल्या डोळ्याला वेगळी दिसत नाही. जुन्या लाइटचा डोळा मात्र तीच खरी समजून पेटतो आणि फोटोच्या क्षणी रिकामा असतो. म्हणून ट्रिगर मॅन्युअलवर ठेवायचा. टीटी ६०० तर मॅन्युअलवरच चालतो. दुकानदाराने महागडा, आपोआप उजेड ठरवणारा फ्लॅश सुचवला होता. पासपोर्टच्या स्टुलावर माणूस रोज त्याच जागी बसतो आणि फ्लॅश त्याच जागी असतो, तिथे आपोआप कशाला? एकदा अंदाज बांधला की झाले. जनान्यातही ती स्टँड सोफ्याच्या एका बाजूला ठेवते आणि अंतर बघून एक-दोन आकडे वर-खाली करते. माझ्या मते नव्या मुलींनी मॅन्युअलवरच शिकावे. पैसे वाचतात आणि उजेड कळतो.

बाकी गोष्टी वापरात कळल्या. पहिल्या दिवशी प्रत्येक फोटोत एका कडेला काळी पट्टी येत होती. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. एक उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. वेग फार ठेवला तर पहिला पूर्ण उघडायच्या आधीच दुसरा निघतो आणि फ्लॅश चमकतो तेव्हा अर्धी खिडकी झाकलेली असते. या कॅमेऱ्याची मर्यादा सेकंदाच्या दोनशेव्या भागाची आहे. भाची १२५ वर ठेवते, नववधू काही पळत नाही. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेले असते, त्याला भुलू नये. सबंध शादीखानाही तेवढा लांब नसतो. उलट आमच्या लहान खोलीत फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असला की मधूनच चुकायचा. ट्रिगरमध्ये जवळच्या अंतराची वेगळी सेटिंग आहे, ती लावल्यावर थांबला. चॅनल बत्तीस आहेत. हल्ली सगळेच फोटोग्राफर याच कंपनीचे वापरतात, म्हणून मंडपात गेल्यावर भाची आधी पलीकडच्यांचा चॅनल विचारून घेते. थेट विचारत नाही, नवरीच्या लहान भावाला पाठवते.

या रमजान ईदनंतरच्या पहिल्या लग्नात मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. पाहुणी म्हणून गेले, पण बसले फ्लॅशच्या स्टँडजवळ, पोरांनी पाडू नये म्हणून. स्टँडच्या पायावर तिने वाळूची पिशवी ठेवली होती, तरी माझा हात त्यावर होता. कनातीपलीकडून चमका येत होत्या, छत उजळत होते. आमचा फ्लॅश गप्प होता. मग भाचीने समोर बसलेल्या तीन पिढ्यांकडे कॅमेरा वळवला, म्हाताऱ्या दादीच्या डोक्यावरची ओढणी नीट केली, मागे सरकली आणि बटण दाबले. माझ्या डोक्यावर उजेड झाला. दादीने डोळे मिटले होते, म्हणून पुन्हा काढावा लागला. पुन्हा पेटला.

त्या जुन्या काळोख्या फोटोची प्रिंट नवरीच्या आईने शेवटी नेलीच. दोन ओढण्या आणि एक हात. भाचीने पैसे घेतले नाहीत.

भाईजानने काळी वायर अजून टाकलेली नाही. स्टुडिओत दाराजवळच्या खिळ्याला ती गुंडाळून टांगलेली आहे. भाची कामाला निघाली की ते विचारतात, "सेल संपले तर?" आणि ती बुरख्याच्या खिशातून चार जास्तीचे सेल काढून दाखवते.